कानामागून

आधी ती सरळ खाली लोंबायची.
कानातून हनुवटीपाशी, तिथून छातीवर,
आणि मंगळसूत्राला गाठून बसायची.
काळे मणी, काळी वायर.
संध्याकाळी सोडवताना कळायचं नाही
आपण नक्की काय ओढतोय.

विट्यात, पत्र्याच्या शेडखाली चोवीस माग.
मी कांडी मशीनवर.
इथं बोलणं ओठांवर वाचतात,
शिवीसुद्धा दिसते, ऐकू येत नाही.
आठवडी बाजारात दोनशे ऐंशीला घेतले इअरफोन,
गाण्यांसाठी नाही हो,
बुचासारखे.
पुष्कळदा फोन बंदच असतो कमरेला.

डबीत रबराच्या तीन जोड्या निघाल्या,
लहान, मधली, मोठी.
उजव्या कानात मधलं बसलं.
डाव्यात ते राहीचना, सारखं बाहेर,
त्याला लहान लागलं.
माझे दोन कान सख्खे नाहीत
हे मला तिसाव्या वर्षी कळलं.
उरलेलं एक लहान, एक मधलं
शकिलाला देऊ केलं, तर तिचं नेमकं उलटं!
एका डबीत दोघींचं भागलं.
मोठी जोडी तशीच राहिली, कुणाच्याच कानाची नाही.

पण वायर.
जरा हललं की पदरावर घासायची
आणि आत खरखर,
कुणी डोक्यात बसून तवा घासतंय जशी.
चोवीस माग बाहेर ठेवले
आणि हा पंचविसावा आत घेतला.

शकिलानं शिकवलं.
वर ने. कानावरून, मागून,
वेणीखालून पाठीवर, तिथं एक पिन,
मग कमरेला.
मान वळेल एवढी सैल ठेव,
फिरत्या चातीला सापडणार नाही एवढी घट्ट.
कानातले वेल काढून ठेवावे लागले.
दोन दिवस पाळीमागं दुखलं, लाल रेघ उठली.
तिसऱ्या दिवशी वायरीला वळण लागलं.
हौसाबाईंनी पाहिलं माझ्याकडे,
म्हणाल्या, कानामागून आली आणि
पुढचं मी ओठांवर वाचलं.

आमचे मामंजी अडतीस वर्षं मागावर होते.
मिरजेहून आणलेलं त्यांचं ऐकायचं मशीन,
खिशात ठेवायचं, पिवळट वायरीचं,
दोन वर्षं टीव्हीशेजारी खिळ्याला.
घरात सगळे म्हणायचे, हट्टी आहेत.
मलाही तसंच वाटायचं.
एकदा जेवायला वाढताना विचारलं, का घालत नाही?
"निस्ता शर्ट ऐकू येतोय गं," ते म्हणाले.
आणि आमटीत भाकरी कुस्करत राहिले.

निस्ता शर्ट.
रात्रभर माझ्या डोक्यात तेच.

रविवारी त्यांना दारात उन्हाला बसवलं.
सासऱ्याच्या कानाला हात लावायचा,
मी पदर दातात धरला.
त्यांनी आपणहून टोपी काढून मांडीवर ठेवली.
मोठा कान, पाळी लोंबलेली,
लहानपणी टोचलेलं भोक बुजून तीळ झालेला.
आत मशीनचं रबर हलत होतं, सैल,
आजवर कुणी बघितलंच नव्हतं.
डबीतलं ते मोठं आणलं,
सुईनं जरा ऐसपैस केलं, बसवलं.
वायर वर नेली, कानामागून,
सदऱ्याच्या आतून पाठीवर,
काखेखालून फिरवून खिशात.
मध्ये शकिलाची पिन.

मग बटण.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मान डावीकडे, मग उजवीकडे,
नवा बैल जू अजमावतो तशी.
मी विचारत होते, टोचतंय का, ओढतंय का,
पुन्हा पुन्हा विचारत होते,
ओठांनीच, सवयीनं, आवाज न काढता.

"मोठ्यानं बोल की आता," ते म्हणाले,
"कोन अडवतंय?"

मला काही सुचेना.
नुसता घसा खाकरला,
तर त्यांनी मान वर केली.